इंग्रजी भाषेचे बालपण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)





माझे सारे आयुष्य शाळेत इंग्रजी शिकविण्यात गेले. या काळात दोन प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले. पहिला प्रश्न पालकांचा. शाळेच्या दारात उभे राहून ते विचारीत, "सर, मुलाला कोणत्या माध्यमात घालू? घरची भाषा शिकून त्याचे पुढे कसे होणार?" दुसरा प्रश्न मुलांचा. वर्गात एखादा धीट मुलगा उठून विचारी, "सर, नाइफ या शब्दात के कशाला लिहायचा? त्याचा उच्चार तर होत नाही!" पहिल्या प्रश्नाला मी घाईत काहीतरी उत्तर देत असे आणि दुसऱ्याला "पाठ कर" असे सांगून मोकळा होत असे. दोन्ही प्रश्नांची नीट उत्तरे द्यावयाची राहून गेली. आज ती देण्याचा प्रयत्न करणार आहे. ही उत्तरे इंग्रजी भाषेच्या पहिल्या हजार वर्षांच्या इतिहासात सापडतात, म्हणून आज तो इतिहास थोडक्यात आपल्यासमोर मांडतो.

आपण इंग्रजीला ओळखतो ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून. त्यामुळे ती जन्मतःच मोठी होती, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तसे नाही. या भाषेने गोठ्यात आणि शेतात दिवस काढले आहेत. स्वतःच्याच देशात तीनशे वर्षे ती दरबाराबाहेर उभी होती.

परक्या किनाऱ्यावर

इ.स. ४३ मध्ये रोमन सैन्याने ब्रिटन जिंकण्यास सुरुवात केली आणि इ.स. ४१० च्या सुमारास रोमन सत्ता तेथून उठली. त्या वेळी ब्रिटनमध्ये इंग्रजी बोलणारा एकही मनुष्य नव्हता. तेथील मूळचे लोक ब्रिटन. त्यांच्या भाषेची वारस असलेली वेल्श भाषा आजही वेल्समध्ये जिवंत आहे. रोमन गेल्यानंतर पाचव्या शतकात समुद्रापलीकडून, आजच्या डेन्मार्क व उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून, अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या येऊन वसल्या. अँगल लोकांवरून देशाला इंग्लंड हे नाव पडले आणि त्यांच्या बोलीला इंग्रजी. म्हणजे इंग्रजी ही इंग्लंडातसुद्धा बाहेरून आलेली भाषा आहे.

या जुन्या इंग्रजीचे पान आज लंडनच्या माणसापुढे ठेवले तर त्याला ते वाचता येणार नाही. तरी घरातले शब्द तेव्हापासूनचेच आहेत. फादर, मदर, सन, डॉटर, हाउस, ब्रेड, वॉटर, डे, नाइट, ईट, ड्रिंक हे सारे शब्द त्या शेतकरी लोकांनी बरोबर आणले. पोथी मात्र त्यांच्याजवळ नव्हती. लाकडावर वा दगडावर कोरावयाची रून नावाची काही अक्षरे तेवढी होती.

इ.स. ५९७ मध्ये रोमहून ऑगस्टीन नावाचा धर्मोपदेशक केंट राज्यात उतरला. त्याच्यामागून लॅटिन भाषा, रोमन लिपी आणि ग्रंथ आले. केंटचा राजा एथेलबर्ट याने आपले कायदे लिहून घेतले, ते इंग्रजीत. इंग्रजीत रचलेले आपल्यापर्यंत पोहोचलेले सर्वांत जुने लेखन हेच, असे मानतात. धर्म आणि विद्या यांची भाषा लॅटिन. व्यवहाराची, घराची भाषा इंग्रजी. अशी वाटणी तेव्हापासून झाली.

गोठ्यातला कवी

इंग्रजीतला ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे असा पहिला कवी कोण? तो कोणी पंडित नव्हता, गुरे राखणारा होता. त्याचे नाव कॅडमन. बीड नावाच्या विद्वान मठवासीयाने आपल्या इतिहासग्रंथात त्याची हकिकत दिली आहे. हा ग्रंथ इ.स. ७३१ मध्ये लॅटिनमध्ये पूर्ण झाला.

व्हिटबी येथील मठात कॅडमन कामाला होता. रात्री जेवणे झाली की तंतुवाद्य एकाकडून दुसऱ्याकडे जाई आणि ज्याने त्याने पाळीपाळीने गाणे म्हणावयाचे, असा रिवाज होता. कॅडमनला गाणे येत नसे. वाद्य आपल्याकडे येत आहे असे दिसले की तो शरमून उठे आणि बाहेर जाई. असाच एका रात्री तो गोठ्यात जाऊन झोपला. स्वप्नात कोणी येऊन त्याला म्हणाले, गा. मला येत नाही, म्हणूनच तर मी येथे आलो, असे तो म्हणाला. तरी गा, सृष्टीच्या निर्मितीबद्दल गा, असा हुकूम झाला. आणि तो गाऊ लागला. त्या गीताच्या नऊ ओळी आजही उपलब्ध आहेत.

ही हकिकत येथे संपत नाही. सकाळी ही गोष्ट मठाच्या प्रमुखापर्यंत गेली. ही प्रमुख एक स्त्री होती, हिल्डा. तिच्या मठात स्त्रिया व पुरुष दोघेही राहत असत आणि तिच्या हाताखाली शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले. गुराख्याने गाणे रचले म्हणून तिने त्याला हसून घालविले नाही. विद्वानांना बोलावून त्याची परीक्षा घेतली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, तेव्हा पंडितांनी लॅटिन ग्रंथांतील कथा त्याला तोंडी सांगाव्यात आणि त्याने त्यांची इंग्रजीत गीते करावीत, अशी व्यवस्था लावून दिली. माझ्या शिक्षक बंधु-भगिनींनो, वर्गातून मान खाली घालून बाहेर जाणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. कॅडमनच्या गुणांइतकीच हिल्डेची पारखही इंग्रजी वाङ्मयाच्या प्रारंभाला कारण झाली, हे आपण ध्यानात ठेवावे.

याच जुन्या इंग्रजीतले सर्वांत मोठे काव्य म्हणजे बेओवुल्फ. त्याच्या ३१८२ ओळी आहेत. कवीचे नाव माहीत नाही. एक तरुण वीर समुद्र ओलांडून डेन्मार्कच्या राजाच्या मदतीस जातो, ग्रेंडेल नावाच्या राक्षसाला आणि मग त्याच्या आईला मारतो, आणि म्हातारपणी आपल्या प्रजेसाठी एका अजगराशी लढताना प्राण देतो, अशी ती कथा. इंग्रजीच्या या महाकाव्यात इंग्लंड देश येतच नाही. या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. ती इ.स. १००० च्या सुमारास लिहिलेली आहे. इ.स. १७३१ मध्ये ती ज्या वाड्यात होती त्याला आग लागली. पानांच्या कडा जळाल्या, पण पोथी वाचली. आपल्या घरांत जुनी कागदपत्रे, बयाजा आणि पत्रे असतील, तर ती रद्दीत देण्यापूर्वी या एका प्रतीची आठवण ठेवावी.

राजाने काढलेली शिक्षणाची योजना

इ.स. ७९३ पासून उत्तरेकडील समुद्रातून व्हायकिंग लोकांच्या धाडी सुरू झाल्या. मठ लुटले गेले, ग्रंथ जळाले, शिकविणारे मारले गेले किंवा पांगले. अशा वेळी इ.स. ८७१ मध्ये वेसेक्सच्या गादीवर आल्फ्रेड आला. इ.स. ८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत त्याने डेन्मार्ककडच्या या सैन्याचा पराभव केला. लढाई जिंकणारे राजे पुष्कळ झाले. आल्फ्रेडचे मोठेपण त्याने पुढे काय केले यात आहे.

त्याचे चरित्र ॲसर नावाच्या समकालीन धर्मगुरूने लिहिले आहे. आल्फ्रेड बारा वर्षांचा होईपर्यंत किंवा त्याहूनही उशिरापर्यंत त्याला वाचता येत नव्हते, असे तो सांगतो, आणि याबद्दल मुलाला नव्हे तर त्याच्या पालकांना आणि सांभाळणाऱ्यांना दोष देतो. राजाच्या पदरी असलेल्या माणसाने राजाच्या आईबापांविषयी इतके स्पष्ट लिहिले आहे! मात्र आईविषयी त्याने एक चांगली गोष्टही नोंदली आहे. तिने मुलांना इंग्रजी कवितांची एक सुंदर पोथी दाखविली आणि जो ती लवकरात लवकर शिकेल त्याला ती देईन, असे सांगितले. लहानग्या आल्फ्रेडने ती गुरूकडून वाचवून घेतली, तोंडपाठ केली आणि पोथी मिळविली.

राजा झाल्यावर त्याने आपल्या बिशपांना एक पत्र लिहिले. ते एका भाषांतरित ग्रंथाला प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. त्यात तो दुःखाने म्हणतो की पूर्वी परदेशचे लोक विद्या शिकण्यास आपल्या देशात येत. आता आपल्यालाच ती बाहेरून आणावी लागेल. आपण गादीवर आलो तेव्हा टेम्स नदीच्या दक्षिणेस लॅटिन समजणारा एकही मनुष्य आठवत नाही, असेही तो लिहितो. यावर त्याने योजना सांगितली. सर्वांना उपयोगी पडतील असे निवडक ग्रंथ लॅटिनमधून इंग्रजीत आणावेत. ऐपत असलेल्या स्वतंत्र घरांतील सर्व तरुणांनी आधी इंग्रजी वाचावयास शिकावे. ज्यांना पुढे जावयाचे आहे त्यांनी मग लॅटिन शिकावे. गुलामांना या योजनेत स्थान नव्हते, हा त्या काळाचा दोष आहे. तरी पायऱ्यांचा क्रम पाहा. आधी घरच्या भाषेत वाचता येणे, मग विद्येची मोठी भाषा. दुसरी पायरी त्याने कमी लेखली नाही. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारता येत नाही, एवढे त्याने ओळखले.

त्या ग्रंथाची एक एक प्रत त्याने प्रत्येक बिशपकडे पाठविली. वूस्टरच्या बिशपाला पाठविलेली प्रत आजही ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. आल्फ्रेडच्याच काळात सालवार घटनांची इंग्रजी बखर लिहिण्यास सुरुवात झाली. तिची एक प्रत पीटरबरोच्या मठात इ.स. ११५४ पर्यंत लिहिली जात होती.

दरबाराबाहेर

या बखरीच्या अखेरच्या काळात देशाचे रूप पालटले होते. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा सरदार विल्यम जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. त्याची आणि त्याच्या सरदारांची भाषा फ्रेंच. दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये आणि दप्तरात लॅटिन, आणि इंग्रजी राहिली नांगरामागे व चुलीपाशी. इ.स. १०८६ मध्ये साऱ्या देशाच्या जमिनीची पाहणी झाली. किती नांगर, किती गिरण्या, किती कुळे, सारे मोजले गेले. जमीन इंग्रज कसत होते, पण नोंद लॅटिनमध्ये झाली. तिसऱ्या क्रुसेडमध्ये सुलतान सलाहुद्दीनसमोर उभा राहिलेला राजा रिचर्ड आपल्याला ठाऊक आहे. इ.स. ११८९ ते ११९९ अशी दहा वर्षे तो इंग्लंडचा राजा होता. पण त्यांपैकी इंग्लंडमध्ये राहिला सुमारे सहा महिने.

या काळाचा ठसा इंग्रजीवर कायमचा उमटला आहे. जनावर गोठ्यात असते तोवर त्याचे नाव इंग्रजी असते: काउ, शीप. तेच शिजून ताटात आले की नाव फ्रेंच होते: बीफ, मटन. राखणारे कोण होते आणि खाणारे कोण, ते शब्दच सांगतात. कोर्ट, जज्ज, प्रिझन, टॅक्स, पार्लमेंट हे शब्दही फ्रेंचांकडून आले. आपल्याला यात नवल वाटू नये. वकील, फिर्याद, हुकूम, जमीन, दस्तऐवज हे शब्द मराठीत आले तेही राज्यकारभाराच्या फारसीतून. त्यांनी मराठी बुडाली नाही, उलट कामाची झाली.

अरबी ग्रंथांच्या शोधात

येथे मला थोडे मागे जाऊन एका नाण्याची गोष्ट सांगावयाची आहे. मर्सिया या राज्याचा राजा ऑफा याने इ.स. ७५७ ते ७९६ या काळात राज्य केले. त्याच्या नावाचे सोन्याचे एक नाणे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते बगदादचा खलिफा अल-मन्सूर याच्या हिजरी १५७ मधील दिनाराची नक्कल आहे. त्यावर अरबी अक्षरांत कलमा आहे, आणि मध्ये लॅटिन अक्षरांत राजा ऑफा असे लिहिले आहे. मात्र अरबी मजकूर सरळ धरला की राजाचे नाव उलटे दिसते! नाणे पाडणाऱ्याला अरबी येत नव्हते. बगदादचे सोने खरे आहे, एवढेच त्याला कळत होते.

सुमारे साडेतीनशे वर्षांनंतर चित्र बदलले. बाथ या गावचा ॲडेलार्ड नावाचा तरुण फ्रान्समध्ये शिकला, पण त्याचे समाधान झाले नाही. तो दक्षिण इटली, सिसिली आणि पूर्वेकडील देशांत हिंडला. युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ त्याने अरबीतून लॅटिनमध्ये आणला. अल-ख्वारिझ्मी याची खगोल-कोष्टकेही त्याने भाषांतरित केली. आपल्या पुतण्याशी संवाद या रूपाने त्याने एक ग्रंथ लिहिला. अरब गुरूंपासून आपण विवेकाला वाटाड्या मानावयास शिकलो. केवळ मोठ्यांचे नाव ऐकून मागे जाणे म्हणजे दावे बांधलेल्या जनावरासारखे ओढले जाणे होय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. चेस्टरचा रॉबर्ट स्पेनमध्ये गेला आणि इ.स. ११४५ मध्ये त्याने अल-ख्वारिझ्मीचा बीजगणितावरील ग्रंथ लॅटिनमध्ये उतरविला. मॉर्लीचा डॅनियल पॅरिसच्या शिक्षकांना कंटाळून टोलेडोला गेला आणि ग्रंथांचा मोठा संग्रह घेऊन इंग्लंडला परतला.

हा काळ क्रुसेडच्या युद्धांचा आहे, हे विसरू नये. एका बाजूस तलवारी चालत होत्या आणि त्याच वेळी काही माणसे शत्रू म्हटल्या गेलेल्यांच्या पुस्तकांसाठी समुद्र व पर्वत ओलांडीत होती. आज आपला मुलगा अल्जेब्रा म्हणतो तेव्हा तो अरबी 'अल-जब्र' म्हणतो. झिरो आणि सायफर हे दोन्ही शब्द आपल्या 'सिफर'चेच आहेत. हे ऐकून आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावा. परंतु माझ्या मते आज आपण ॲडेलार्डकडून काही शिकावे हे अधिक अगत्याचे आहे. ज्ञान जेथे असेल तेथे तो गेला, परक्या भाषेची मेहनत त्याने केली आणि मिळविलेले घरी आणले. ऑफाच्या नाण्यावर अरबी अक्षरे नुसती उमटली होती. ॲडेलार्डने तीच अक्षरे वाचली.

इंग्रजी परत येते

इ.स. १२०४ मध्ये नॉर्मंडी इंग्लंडच्या राजांच्या हातून गेली आणि सरदारांचा फ्रान्सशी संबंध सैल झाला. इ.स. १३४८-४९ मध्ये प्लेगची भयंकर साथ आली. लोकसंख्येचा किमान तिसरा हिस्सा त्यात मेला. कामकरी माणसाची किंमत वाढली आणि त्याच्याबरोबर त्याच्या बोलीचीही. इ.स. १३६२ मध्ये पार्लमेंटने ठरविले की न्यायालयातील बोलणे इंग्रजीत व्हावे, कारण पक्षकारांना फ्रेंच समजत नाही. गंमत अशी की हा कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्ये! इ.स. १३९९ मध्ये चौथ्या हेन्रीने गादीवर आपला हक्क सांगितला तो इंग्रजीत.

शाळांत काय झाले? जॉन ट्रेव्हिसा नावाच्या भाषांतरकाराने इ.स. १३८५ मधील स्थिती लिहून ठेवली आहे. प्लेगपूर्वी मुलांना लॅटिन शिकवीत ते फ्रेंचमधून. पुढे जॉन कॉर्नवॉल नावाच्या शिक्षकाने ते इंग्रजीतून शिकविण्यास सुरुवात केली आणि हळूहळू साऱ्या शाळांत तसे झाले. ट्रेव्हिसा याचा फायदाही सांगतो आणि तोटाही. फायदा असा की मुले पूर्वीपेक्षा कमी वेळात व्याकरण शिकतात. तोटा असा की त्यांना फ्रेंच जवळजवळ येईनासे झाले, आणि समुद्रापलीकडे जाण्याची पाळी आली तर त्यांचे नुकसान होईल. पालकहो, माध्यमाचा वाद आपणच प्रथम घालीत आहोत असे समजू नका. सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज पालकांपुढे तो होता, आणि ट्रेव्हिसाने मांडलेल्या दोन्ही बाजू आजही तितक्याच खऱ्या आहेत.

दहा वर्षांच्या मुलासाठी एक पुस्तक

याच काळात जेफ्री चॉसर होऊन गेला. जन्म इ.स. १३४३ च्या सुमारास, मृत्यू १४०० मध्ये. बाप दारूचा व्यापारी. मुलगा लहानपणीच एका सरदार घराण्यात नोकरीस राहिला, फ्रान्समधील युद्धात कैद झाला, आणि इ.स. १३६० मध्ये त्याच्या सुटकेसाठी राजाने १६ पौंड दिले. पुढे लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर तो अधिकारी झाला. दिवसभर हिशेब आणि रात्री वाचन असा त्याचा क्रम होता. त्याला फ्रेंच येत होते, लॅटिन येत होते, इटालियनही येत होते. त्याने कविता केली ती इंग्रजीत.

कँटरबरी टेल्स हे त्याचे पुस्तक जगप्रसिद्ध आहे. लंडनजवळच्या एका सराईत सुमारे तीस यात्रेकरू जमतात आणि वाटेत करमणूक म्हणून एकेक गोष्ट सांगतात. त्यांत सरदार आहे, गिरणीवाला आहे, पाच लग्ने केलेली बाई आहे. एक डॉक्टर आहे. त्याने वाचलेल्या वैद्यांची जी यादी चॉसर देतो तीत अर-राझी, इब्न सीना आणि इब्न रुश्द ही नावे येतात. ऑक्सफर्डचा एक गरीब विद्यार्थीही आहे. त्याचा अंगरखा विरलेला आहे, घोडा हडकुळा आहे. भारी कपड्यांपेक्षा उशाशी वीस पुस्तके असावीत असे त्याला वाटते. शिकणे आणि शिकविणे या दोन्हींत त्याला आनंद आहे. विद्यार्थी मित्रांनो, या सोबत्याची ओळख अवश्य करून घ्या.

परंतु चॉसरचे मला सर्वांत प्रिय असलेले पुस्तक काव्य नाही. ते उस्तुरलाब या यंत्रावर आहे. सूर्य आणि तारे यांची उंची मोजून वेळ व दिशा काढण्याचे हे पितळी यंत्र मुस्लिम शास्त्रज्ञांनी पूर्णत्वास नेले आणि तेथून ते युरोपात गेले. चॉसरचा लुइस नावाचा दहा वर्षांचा मुलगा होता. त्याला अंक व गणित यांची आवड होती. बापाने त्याला ऑक्सफर्डच्या अक्षांशासाठी बनविलेले एक उस्तुरलाब दिले. पण त्यावरची पुस्तके लॅटिनमध्ये, आणि मुलाला लॅटिन थोडेच येत होते. म्हणून इ.स. १३९१ मध्ये बापाने मुलासाठी इंग्रजीत पुस्तक लिहावयास घेतले. बगदादच्या दरबारातील यहुदी ज्योतिर्विद माशाअल्लाह याच्या नावावर चालत आलेल्या एका लॅटिन ग्रंथाचा त्याने आधार घेतला. झेनिथ आणि ॲझिमथ हे शब्द आपल्या 'सम्त' या शब्दाचे भाऊबंद, तर नादिर हा 'नज़ीर'चा. आकाशातील आल्डिबरान हा तारा अरबी 'अद-दबरान' होय.

प्रस्तावनेत तो मुलाला समजावतो. ग्रीकांना हे शास्त्र ग्रीकमध्ये पुरले, अरबांना अरबीत, यहुद्यांना हिब्रूत, रोमनांना लॅटिनमध्ये. मग तुला ते इंग्रजीत का पुरू नये? हे शास्त्र आपण शोधलेले नाही, जुन्या ज्योतिर्विदांचे श्रम गोळा करून तुझ्यापुढे ठेवीत आहोत, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो. पुस्तकात काही गोष्टी दोनदा येतील, कारण मुलाने एकदा विसरण्यापेक्षा आपण दोनदा लिहिलेले बरे, असा त्याचा विचार. पाच भाग योजले होते. त्यांतले दोनच आज मिळतात. काही हस्तलिखितांत या पुस्तकाला 'मुलांसाठी दूध-भाकर' अशा अर्थाचे नाव दिलेले आहे. बगदादची विद्या स्पेनमार्गे लॅटिनमध्ये आणि लॅटिनमधून एका जकात अधिकाऱ्याच्या घरात, त्याच्या मुलाच्या भाषेत आली. ज्ञानाचा इतका लांबचा प्रवास शेवटी एका बापाच्या मांडीजवळ येऊन पूर्ण झाला.

त्याच पिढीत नॉर्विच येथील ज्युलियन नावाच्या साध्वीने आपले आध्यात्मिक अनुभव इंग्रजीत लिहिले. स्त्रीने लिहिलेले इंग्रजीतील पहिले ज्ञात पुस्तक ते हेच.

नाइफ मधला के

इ.स. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना काढला आणि चॉसरचे पुस्तक छापले. त्याच्यापुढे प्रश्न होता की कोणत्या गावचे इंग्रजी छापावे? त्याने एक किस्सा दिला आहे. काही व्यापारी वारा पडल्यामुळे टेम्स नदीकाठी उतरले. एकाने एका बाईकडे अंडी मागितली आणि 'एग्ज' हा शब्द वापरला. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! दुसऱ्याने 'आयरेन' असा शब्द वापरला तेव्हा तिला कळले. 'एग' हा शब्द व्हायकिंग लोकांबरोबर आलेला, 'आयरेन' हा जुना देशी. दोघेही इंग्रजीच बोलत होते.

छापखान्यामुळे हळूहळू शब्दांची स्पेलिंगे स्थिर झाली. पण लोकांचे उच्चार बदलत राहिले. चॉसरच्या काळी नाइफ हा शब्द 'क्नीफ' असा, आरंभीचा के स्पष्ट म्हणून उच्चारीत. नाइट, म्हणजे रात्र, या शब्दातले जी-एच मुके नव्हते. ते उर्दूतील 'ख़'च्या जवळपास उच्चारले जाई, 'निख़्त' असे. नेम हा शब्द तेव्हा 'नामअ' असा ऐकू येई. फारसीतील 'नाम' आणि मराठीतील 'नाव' यांचा तो दूरचा नातलगच आहे. तेव्हा मुलांनो, नाइफ मधला के ही चूक नव्हे. जुन्या घराच्या भिंतीत बुजविलेल्या खिडकीची चौकट जशी राहते, तसा तो के राहिला आहे.

समारोप

आता पालकांचा प्रश्न. माध्यम कोणते घ्यावे याचा निर्णय ज्याने त्याने आपली परिस्थिती, जवळची शाळा आणि मुलाचा कल पाहून करावा. या व्यासपीठावरून मी कोणाला एकच हुकूम देणार नाही. परंतु या इतिहासावरून तीन गोष्टी मला निश्चित वाटतात.

एक, कोणतीही भाषा जन्मतः श्रीमंत किंवा दरिद्री नसते. तिच्यात कोणी काय आणून ठेवले, यावर तिचे वैभव ठरते. आपली मुले घरात जी भाषा बोलतात तिची त्यांना लाज वाटू देऊ नका. दोन, मोठी विद्याभाषा नीट शिकली पाहिजे. ट्रेव्हिसाने दाखविलेला तोटा खरा आहे, म्हणून इंग्रजीच्या बाबतीत आळस करून चालणार नाही. चॉसर इंग्रजीत लिहू शकला, कारण त्याला आणखी तीन भाषा येत होत्या. तीन, मुलाच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी घराची. शाळेची फी भरली की ती संपत नाही. ॲसरने आल्फ्रेडच्या घरच्यांना दिलेला दोष आपल्याला कोणी देऊ नये.

ज्यांना स्वतःला फारसे शिकता आले नाही असे पालक येथे पुष्कळ आहेत. त्यांनी निराश होऊ नये. हिल्डेने कॅडमनसाठी काव्य लिहिले नाही, त्याचे फक्त ऐकून घेतले. आल्फ्रेडच्या आईने धडा दिला नाही, पोथी दाखविली. आज रात्री घरी गेल्यावर मुलाला जवळ बसवा आणि आज शाळेत काय शिकलास ते मला माझ्या भाषेत सांग, असे म्हणा. त्याला सांगता आले तर ते त्याला खरोखर कळले आहे. नाही सांगता आले, तर उद्या त्याच्या शिक्षकांना येऊन भेटा.